उत्तम मेंढपाळ, चांगला चोर : ‘गुड’ या विशेषणाविषयी

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाच्या कानी जी विशेषणे सर्वांत आधी पडतात, त्यांत ‘गुड’ हे बहुधा पहिले असते. शाळेच्या दारात ‘गुड मॉर्निंग’, वहीच्या पानावर तांबड्या शाईतील ‘गुड’, पाहुण्यांसमोर गाणे म्हणून दाखवल्यावर ‘गुड गर्ल’ आणि निजताना ‘गुड नाइट’. आज हे विशेषण केवळ इंग्रजी राहिलेले नाही. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत मराठी बोलतानाही चांगला, बरा, भला, सालस, गुणी, नेक अशा शब्दांची जागा एकट्या ‘गुड’ने घेतली आहे. परका शब्द आला याची खंत करण्याचे कारण नाही. मेज, पाव, साबण हे शब्दही बाहेरूनच आले आणि आपल्या घरचे झाले. प्रश्न वेगळा आहे. वस्तूचे नाव उसने घेतले तर वस्तू ओळखू येते. मूल्याचे नाव उसने घेतले तर ते मूल्य नेमके कोणते, हे विचारावे लागते. ‘गुड’च्या बाबतीत तो प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ख्रिस्ती माणसाने तर तो अगत्याने विचारायला हवा, कारण आपल्या श्रद्धेतील काही अत्यंत मोलाच्या गोष्टींना इंग्रजीने हेच विशेषण लावले आहे.

एक शब्द, अनेक वाटा

प्रथम या शब्दाचा व्याप पाहू. ‘गुड’ म्हणजे चांगला, हे कोशातील उत्तर खरे असले तरी ते पुरे पडत नाही. इंग्रजीत ‘गुड’ चाकू म्हणजे धारदार चाकू, ‘गुड’ कर्ज म्हणजे वसूल होण्याजोगे कर्ज आणि ‘गुड’ तिकीट म्हणजे मुदत न संपलेले तिकीट. ‘गुड’ तीन मैल म्हणजे पुरते तीन मैल, किंबहुना थोडे अधिकच. ‘फॉर गुड’ गेला म्हणजे कायमचा गेला. मग तो गेल्याने कुणाचे भले झालेले असो वा नसो. ‘अॅज गुड अॅज डेड’ म्हणजे मेल्यातच जमा. याच शब्दाचे अनेकवचन ‘गुड्स’ झाले की तो माल होतो, आणि आपल्या लोहमार्गावरून मालगाडीच्या रूपाने धडधडत जातो. आयर्लंड-स्कॉटलंडकडील खेडूत ज्या अद्भुत शक्तींना भीत, त्यांना ‘गुड पीपल’ म्हणत. दुकान बंद करताना ‘वाढवले’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला या रीतीचे नवल वाटू नये. आणि ‘गुडी-गुडी’ असा दुप्पट उच्चार केला की चांगुलपणाचे सोंग आणणाऱ्याची टिंगल होते.

मराठी ‘चांगला’ही काही कमी हिंडलेला नाही. ‘चांगले तीन मैल चाललो’, ‘चांगला तासभर ताटकळलो’, ‘चांगलाच भिजला’ असे आपण म्हणतो. ‘चांगला चोप दिला’ या वाक्यात चोप खाणाऱ्याला काहीच चांगले वाटलेले नसते. ‘चांगलं केलंस हो!’ हे तर स्वर बदलला की शिवीच्या अंगाने जाते. हा शब्द इतका फिरतो याचा अर्थ तो स्वतः फारसे काही सांगत नाही. तो ज्या नामाशेजारी बसतो त्याच्याकडून, आणि जो उच्चारतो त्याच्या हेतूकडून, तो आपला अर्थ घेतो.

एका विशेषणाबाबत मात्र देवाणघेवाण उलट दिशेने झाली. ‘आपलं शुभ नाव?’ हा आपला आदराचा प्रश्न इंग्रजीत उतरवताना भारतीयांनी ‘गुड नेम’ असा शब्द घडवला. इंग्लंडात ‘गुड नेम’ म्हणजे अब्रू, लौकिक. आपल्याकडे त्यात ‘शुभ’ शिरले. एका भाषेतील विशेषण दुसऱ्या भाषेत पाऊल ठेवताच कसे पालटते, याचे हे छोटेसे उदाहरण पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

नामावाचून अपुरे

या शब्दाने तत्त्वज्ञांनाही बरेच झुंजवले आहे. १९०३ साली जी. ई. मूर या केंब्रिजच्या तत्त्वचिंतकाने ‘प्रिन्सिपिया एथिका’ या ग्रंथात ‘गुड’ची व्याख्याच करता येत नाही असे मत मांडले. पिवळा रंग ज्याने पाहिला नाही त्याला तो शब्दांनी समजावता येत नाही, तसेच चांगुलपणाचे आहे, असा त्याचा आशय होता. अर्धशतकानंतर, १९५६ साली, पीटर गीच या कॅथलिक तत्त्वज्ञाने एका छोट्या निबंधात या मताला हरकत घेतली. तिचा गाभा असा, की ‘गुड’ हे ‘पिवळा’सारखे विशेषणच नव्हे, ते ‘मोठा’, ‘लहान’ यांच्या जातीचे आहे.

हा भेद आपल्या उदाहरणांनी पाहू. पांढरा घोडा हा पांढरा असतो आणि घोडा असतो. म्हणून तो पांढरा प्राणीही असतो. पण मोठी मुंगी हा मोठा प्राणी नव्हे. मुंगीच्या मापाने ती मोठी, इतकेच. ‘चांगला’चे असेच आहे. चांगला कोयता म्हणजे कोयत्याचे काम नीट करणारा कोयता. चांगला गवंडी म्हणजे ओळंब्यात भिंत उभारणारा गवंडी. तो गवंडी चांगला नवरा असेलच असे नाही, आणि चांगल्या नवऱ्याने बांधलेली भिंत टिकेलच असेही नाही. तेव्हा नुसते ‘चांगला’ म्हणणे म्हणजे वाक्य अर्धवट सोडणे होय. चांगला कोण म्हणून, हे सांगितल्याखेरीज त्या शब्दात जीव येत नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा विचार परका वाटणार नाही. जे आपल्या स्वभावधर्मानुसार पूर्णत्वास जाते ते चांगले, हेच त्या परंपरेचे सांगणे आहे.

शब्दाची व्युत्पत्तीही याच दिशेला बोट दाखवते. ‘गुड’चे मूळ ‘जुळणे’, ‘योग्य बसणे’ अशा अर्थाच्या धातूत असावे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. एकत्र येणे या अर्थाचे ‘गॅदर’ आणि ‘टुगेदर’ हे इंग्रजी शब्द त्याचे भाऊबंद. ‘गॉड’ आणि ‘गुड’ मात्र एका कुळातले नव्हेत. प्रवचनांतून कधी कधी ऐकू येणारी ही जोडी कानाला गोड लागते, पण इतिहासाला मान्य नाही.

या दोन शब्दांची गल्लत मात्र फार जुनी आहे, आणि तिने एका थोर शब्दाला नवे रूप दिले. शुभवर्तमानाला इंग्रजीत ‘गॉस्पेल’ म्हणतात. प्राचीन इंग्रजीत हा शब्द दीर्घ ओकाराने ‘गोडस्पेल’ असा होता. त्याचा अर्थ ‘चांगली वार्ता’. पुढे तो स्वर ऱ्हस्व झाला आणि लोकांना त्यात ‘गॉड’ ऐकू येऊ लागला. चांगली वार्ता ‘देवाची कथा’ झाली. इंग्लंडातील धर्मप्रचारकांबरोबर हा शब्द इतर देशांतही गेला; आइसलंडच्या भाषेत तो आजही देवाच्या नावानेच उच्चारला जातो. आपण मराठीत ‘शुभवर्तमान’ आणि ‘सुवार्ता’ असे दोन शब्द घडवले, आणि मूळ ग्रीक शब्दातील ‘चांगले’पण सुखरूप राखले. या बाबतीत आपली भाषा इंग्रजीहून मुळाशी अधिक इमानी राहिली आहे.

भाषांतरकाराची कसोटी

बायबलच्या भाषांतरांत या विशेषणाची खरी परीक्षा होते. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत चांगल्यासाठी मुख्यतः दोन शब्द येतात. एक ‘अगाथोस’ : अंतरीचा, नैतिक चांगुलपणा. दुसरा ‘कालोस’ : चांगला, पण सुंदर, देखणा, मन ओढून घेणारा. दोहोंच्या सीमा काटेकोर नाहीत. तथापि दोन शब्द आहेत ही गोष्ट उरतेच. इंग्रजी बहुतेक ठिकाणी दोघांनाही ‘गुड’च्या एकाच कोठडीत बसवते.

योहानाच्या दहाव्या अध्यायातील मेंढपाळ हा ‘कालोस’ आहे. मार्कच्या दहाव्या अध्यायात धनवान माणूस येशूला ज्या विशेषणाने हाक मारतो, आणि ज्याबद्दल येशू त्याला उलट प्रश्न करतो, ते ‘अगाथोस’ आहे. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘उत्तम’ हाच शब्द योजलेला आहे. गुरूला उद्देशून ‘उत्तम’ म्हणणे शोभते. तेथे प्रश्नच श्रेष्ठत्वाचा आहे, आणि देवावाचून हे विशेषण कुणाला लागू पडत नाही असे येशू सुचवतो, तेव्हा ‘उत्तम’मधील ‘सर्वांत वरचा’ हा मूळ संस्कृत अर्थ कामी येतो. मेंढपाळाच्या बाबतीत मात्र तोच अर्थ किंचित आड येतो. ‘उत्तम’ हा शब्द पायरी सांगतो, क्रम लावतो. योहानाचा मेंढपाळ वरच्या पायरीवर उभा नाही. मेंढरांसाठी जीव टाकायला तो खाली उतरला आहे. त्याच्या त्या देण्यात जे सौंदर्य आहे, ज्याच्या हाकेने मेंढरे मागोमाग चालू लागतात, ते ‘उत्तम’मध्ये पुरते उमटत नाही. ‘गुड’मध्येही ते उमटत नाहीच. ‘सुंदर मेंढपाळ’ म्हणावे तर मराठी कानाला रूपच आठवते. अडचण खरी आहे, आणि ‘उत्तम मेंढपाळ’ हे शब्द आता आपल्या प्रार्थनेत इतके मुरले आहेत की ते बदलावेत असे मी म्हणणार नाही. वाचताना मात्र त्या ‘उत्तम’च्या आत एक ‘सुंदर’ दडलेला आहे, हे जाणून वाचावे.

याच भाषांतराने इतरत्र दाखवलेली सूक्ष्म जाण मात्र दाद देण्याजोगी आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव आपली निर्मिती पाहतो, तेथे ‘चांगले’ हा शब्द पुनःपुन्हा येतो. दुसऱ्या अध्यायात माणसाच्या एकटेपणाविषयी देव बोलतो, तेथे हिब्रूत तोच ‘तोव’ शब्द नकारासह आहे, आणि इंग्रजीतही तोच ‘गुड’. मराठी भाषांतरकाराने मात्र तेथे ‘बरे नाही’ असे शब्द योजले. ‘बरे नाही’ आपण केव्हा म्हणतो? अंगात ताप असताना, जीव थाऱ्यावर नसताना. त्या एका शब्दाने माणसाचे एकटेपण हे दुखणे ठरते, आणि सोबत हे त्यावरचे औषध. हा अर्थ हिब्रूत वा इंग्रजीत इतक्या सहजतेने उमटत नाही. तो मराठीची देणगी आहे. तसेच मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील विश्वासू दास ‘भला’ झाला आहे. धन्याने चाकराला शाबासकी देताना ‘उत्तम’ म्हटले असते तर ते प्रशस्तिपत्र वाटले असते. ‘भल्या’ म्हणताना पाठीवर हात पडतो. लूकच्या आठव्या अध्यायात, पेरणाऱ्याच्या दाखल्याच्या उलगड्यात, अंतःकरणासाठी ग्रीक दोन्ही विशेषणे शेजारी शेजारी ठेवते. तेथे मराठीने ‘सालस’ आणि ‘चांगले’ अशी जोडी केली आहे. ‘सालस’ हा शब्द आज किती घरांत ऐकू येतो?

इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, तेव्हा स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा येथल्या भक्तांच्या ओठांवरचा शब्द त्यांनी निःशंकपणे घेतला. परकी संकल्पना आपल्या भाषेत आणायची तर त्या भाषेच्या घरात शिरून शब्द शोधावा लागतो, हे त्यांना उमगले होते. २०१० साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ प्रसिद्ध झाले आणि २०१३ साली त्याला साहित्य अकादमीच्या भाषांतर पुरस्काराचा मान मिळाला, तेव्हा हीच वाट अजून चालती असल्याची साक्ष पटली. ज्या भाषेपाशी एका ‘गुड’साठी अर्धा डझन शब्द आहेत, तिच्या लेकरांनी एकाच शब्दावर गुजराण करावी, यात तोटा आपलाच आहे.

जेथे जग ‘चांगले’ म्हणणार नाही

आता आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. ख्रिस्ती परंपरेने ‘गुड’ हे विशेषण कोठे कोठे लावले, हे पाहिले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते.

‘गुड समॅरिटन’ हा शब्दप्रयोग सर्वांना ठाऊक आहे. पण लूकच्या दहाव्या अध्यायातील तो दाखला पुन्हा वाचून पाहावा : त्या शोमरोनी माणसाला तेथे कोठेही ‘चांगला’ म्हटलेले नाही. येशूने फक्त त्याची कृती सांगितली : जवळ गेला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, खाणावळीत नेले, पैसे मोजले. दाखला ऐकणाऱ्यांच्या लेखी शोमरोनी आणि चांगला हे शब्द एकत्र नांदणारे नव्हते. विशेषण नंतरच्या वाचकांनी दिले. त्यात कृतज्ञता आहे. पण एक धोकाही आहे. ‘गुड’ हा शब्द आधीच लावून टाकला की ऐकणाऱ्याला बसायचा तो धक्का बसत नाही, आणि बाकीचे शोमरोनी वाईटच असावेत अशी एक छटाही नकळत उरते. येथे विशेषणाने कथेची धार थोडी बोथट केली, असे माझे मत आहे.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. येशूच्या शेजारी खिळलेल्या दोघांपैकी एकाला आपण ‘चांगला चोर’ म्हणतो. लूक त्याला जो शब्द लावतो त्याचा अर्थ चक्क ‘दुष्कर्मी’. आता गीच यांचा नियम येथे लावून पाहा. चांगला कोयता कापण्यात चांगला, चांगला गवंडी बांधण्यात चांगला. मग चांगला चोर चोरीत चांगला असायला हवा! पण हा तर पकडला गेलेला, शिक्षा भोगणारा, धंद्यात पुरता बुडालेला चोर. व्याकरणाच्या हिशेबाने तो वाईटच चोर ठरतो. अखेरच्या घटकेला त्याने स्वर्ग चोरला, असे अनेक प्रवचनकारांनी गमतीने म्हटले आहे. परंतु गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. येथे परंपरेने विशेषण चोराला लावलेलेच नाही, ते चोराच्या आतल्या माणसाला लावले आहे. ‘तू कोण म्हणून चांगला?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्या धंद्यात, लौकिकात, पूर्वचरित्रात कोठेच नव्हते. ते शेवटच्या एका विनवणीत होते. म्हणून ‘चांगला चोर’ हे शब्द कानाला विसंगत वाटतात, आणि वाटलेच पाहिजेत. येथे विशेषणाने कथेला धार आणली.

तिसरे उदाहरण ‘गुड फ्रायडे’चे. वेदनेच्या आणि मरणाच्या दिवसाला ‘गुड’ का म्हणावे, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतोच. ‘गॉड्स फ्रायडे’चा तो अपभ्रंश असल्याचे सांगितले जाते, पण त्याला आधार नाही. जुन्या इंग्रजीत सणावाराला, पाळल्या जाणाऱ्या पवित्र दिवसाला ‘गुड’ म्हणण्याचा प्रघात होता. त्या अर्थाचा हा अवशेष. पोर्तुगीज, फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत तो सरळ ‘पवित्र शुक्रवार’ आहे, जर्मन भाषेत ‘विलापाचा शुक्रवार’, डॅनिशमध्ये ‘लांबलेला शुक्रवार’, आणि रोमन मिस्सग्रंथात प्रभूच्या दुःखसहनाचा शुक्रवार. इंग्रजीतील तो जुना अर्थ लोप पावला आणि नाव तेवढे राहिले. म्हणूनच आज त्या दिवशी भ्रमणध्वनीवर फुलांच्या चित्रांसह शुभेच्छा येतात. पाठवणारा शेजारी प्रेमानेच पाठवत असतो. ‘गुड’ म्हणजे शुभ, आणि शुभ दिवस म्हटला की शुभेच्छा, हे त्याचे तर्कशास्त्र आपणच त्याला पुरवलेले आहे. त्याच्यावर रागावण्याऐवजी आपण मराठीत ‘पवित्र शुक्रवार’ म्हणू लागलो, तर अर्धे समजावणे आपोआप होईल. जुन्या गोव्याच्या ‘बॉम जेझुस’ बासिलिकेच्या नावातील ‘बॉम’ हाही मुळात ‘चांगला’च.

आणखी एक शब्दप्रयोग आपल्या वडीलधाऱ्यांच्या प्रार्थनेत होता : चांगले मरण. १६४८ साली रोममध्ये येशूसंघाने या नावाची एक बंधुसभाच स्थापन केली, आणि संत योसेफाकडे आजही चांगल्या मरणासाठी याचना केली जाते. आज कुणी झोपेत गेला की आपण म्हणतो, ‘चांगलं मरण आलं, कळलंसुद्धा नाही.’ आपल्या पूर्वजांनी नेमके याच मरणापासून वाचव म्हणून प्रार्थना केली होती. कळावे, कबुलीजबाब व्हावा, माणसे भोवती असावीत, कुणाशी अबोला असेल तर तो सुटावा, हे त्यांचे चांगले मरण. शब्द तोच राहिला; मोजमाप बदलले. यातना टळाव्यात ही इच्छा खोटी नाही. पण ज्या गोष्टीसाठी त्यांना थोडा अवकाश हवा होता, ती आपल्याला अनावश्यक कधीपासून वाटू लागली, हे विशेषण आपल्याला विचारते.

घरातील ‘गुड’

या साऱ्या उदाहरणांवरून एक निष्कर्ष काढता येतो. ‘गुड’ हे विशेषण स्वतः निर्णय देत नाही. देणाऱ्याचे मोजमाप उघड करते. आपल्या घरात ते कोणते मोजमाप उघड करते? ‘चांगले स्थळ’ म्हणजे पगार, सदनिका आणि परदेशाचा व्हिसा. ‘चांगल्या घरचा’ म्हणजे बहुधा पैसेवाल्या घरचा. ‘गुड बॉय’ म्हणजे जो आवाज करीत नाही. नवविवाहितेला भर समारंभात ‘काय, गुड न्यूज कधी?’ असे विचारले जाते. या दोन शब्दांखाली कितीजणींनी मान खाली घातली असेल! वास्तविक गॅब्रिएलने नाझरेथच्या कुमारिकेला दिलेली वार्ता हीसुद्धा बाळाचीच वार्ता होती. पण ती तिच्या होकारासाठी थांबली होती, आणि म्हाताऱ्या, निपुत्रिक म्हणून हिणवल्या गेलेल्या अलीशिबेचे नाव तिच्यात सन्मानाने आले होते. आपल्या ‘गुड न्यूज’ला त्या शुभवर्तमानाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मुलांच्या बाबतीत हे अधिकच खरे. आज्ञाधारक मूल चांगले असते, पण चांगुलपण आज्ञाधारकपणात संपत नाही. शोमरोनी माणूस वाट वाकडी करून गेला. दुसऱ्या बाजूने निमूट निघून गेलेले याजक आणि लेवी कुणाच्याही लेखी ‘गुड बॉय’च ठरले असते. वर्गात मार खाणाऱ्या सोबत्याची बाजू घेऊन बोललेली मुलगी घरी ‘गुड गर्ल’ न ठरता ‘तोंडाळ’ ठरली, तर शब्द चुकीच्या जागी पडला असे समजावे.

यासाठी ‘गुड’ला हद्दपार करण्याची गरज नाही. त्याच्यापुढे नाम आणि कारण ठेवले तरी पुरे. मुलाला नुसते ‘गुड’ म्हणण्याऐवजी ‘डबा वाटून खाल्लास, मनाचा मोठा आहेस’ असे सांगावे. ‘खरे बोललास, भला आहेस’, ‘आजीजवळ बसलीस, मायाळू आहेस’ असे सांगावे. भाषांतरकारांनी जी निवड बायबलच्या पानावर केली, ती आईवडिलांना रोज स्वयंपाकघरात करता येते. आणि प्रवचनपीठावरून ‘आपण चांगले कॅथलिक होऊ या’ असे आवाहन होईल तेव्हा बाकावर बसलेल्या आपण मनात एवढेच विचारावे : कुणाच्या मापाने चांगले? मिस्सेला वेळेवर येणाऱ्याच्या, की वाटेवर पडलेल्या माणसापाशी थांबल्यामुळे मिस्सेला उशीर झालेल्याच्या?